कांदा-लसूण सोडला म्हणून हृदय वाचत नाही



चातुर्मास तोंडावर आला आहे. आमच्या बिबवेवाडीत स्थानकाच्या पायऱ्यांवर चपला काढता काढताच चौकशा सुरू झाल्या आहेत. यंदा अठाई कोण करणार, कुणाची सून पहिल्यांदा करणार, कुणाचं वर्षीतप कसं चाललंय. पापड उन्हाळ्यातच लाटून डब्यात गेले आहेत, लोणचं मुरलं आहे. या गडबडीत मला एक भांडण काढायचं आहे. तुमच्याशी, आणि तितकंच स्वतःशी. गेल्या वर्षी मी गप्प बसले, यंदा बसणार नाही.

रोज सकाळी सामायिक आटोपून मोबाईल हातात घेतला की एक तरी संदेश असतोच. 'जैन आहार म्हणजे हृदयाचं कवच.' 'कंदमूळ न खाणाऱ्याला ब्लॉकेज होत नाही.' 'सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्याचं हृदय शंभर वर्षं चालतं.' 'उपवासाला नोबेल मिळालं.' खाली हात जोडलेली चित्रं आणि अनुमोदना, अनुमोदना. मीही पाठवलेत हे संदेश. नणंदेच्या मुलीला तर मुद्दाम पाठवले होते, ती हॉस्टेलवर कांदा खायला लागली म्हणून.

आता भाभींची गोष्ट सांगते.

भाभी म्हणजे माझी मोठी जाऊ. वय चोपन्न, वजन अठ्ठेचाळीस किलो. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, चौविहार अनेक वर्षांचा. तीन अठाया झालेल्या. जेठजींचं मार्केट यार्डात भुसाराचं दुकान आहे आणि घरात काही दुखलं-खुपलं तर ते जेठजींचंच, अशी आमच्याकडची समजूत. गेल्या वर्षी पर्युषणाच्या आदल्या आठवड्यात भाभी म्हणायला लागल्या की जिना चढताना थकवा येतो. मी म्हटलं, वय झालं आपलं. मग एका सकाळी जबडा दुखायला लागला, दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीत कळ, दरदरून घाम आणि मळमळ. छातीत काही नाही म्हणाल्या, थोडं जड वाटतंय एवढंच. मी ओवा आणि सैंधव दिलं. दुपारी जिरेपाणी दिलं. हो, मीच दिलं. संध्याकाळी जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पित्ताची गोळी लिहून दिली. ईसीजी काढला नाही आणि आम्हीही मागितला नाही. रात्री पुन्हा कळ आली तेव्हा भाभींनी कुणाला उठवलं नाही, कारण सकाळी घरात पाहुणे येणार होते. दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास लागला तेव्हा मोठ्या दवाखान्यात गेलो. अटॅक येऊन दीड दिवस होत आला होता. अँजिओप्लास्टी झाली, भाभी वाचल्या. हृदयाचं पंपिंग मात्र पस्तीस टक्क्यांवर राहिलं. निरोगी माणसाचं पंचावन्न-साठच्या पुढे असतं. आता त्या स्थानकाच्या पायऱ्या एका दमात चढत नाहीत, मधल्या पायरीवर बसतात आणि लोक बघतात म्हणून पदर सारखा करण्याचं निमित्त करतात.

आयसीयूच्या बाहेर समाजातल्या बायका भेटायला येत होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच वाक्य. इतकं धर्मध्यान करणारी, कांदा-लसूणसुद्धा नाही, हिला कसा काय अटॅक?

आतल्या डॉक्टरांनी आम्हाला निराळंच विचारलं. बीपी किती असतं? कुणालाच माहीत नव्हतं. जेठजींची फाइल दोन बोटं जाड आहे, दरवर्षी साखर, लिपिड, स्ट्रेस टेस्ट. भाभींचं बीपी शेवटचं कधी मोजलं तर धाकट्या मुलाच्या वेळी, सत्तावीस वर्षांपूर्वी. तेव्हा ते खूप वाढलं होतं, पाय सुजले होते, दिवस पूर्ण होण्याआधी बाळंतपण करावं लागलं होतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, हे महत्त्वाचं आहे. आम्ही जावा एकमेकींकडे बघत राहिलो. बाळंतपणातलं बीपी बाळंतपणाबरोबर संपतं असंच आम्हाला सगळ्यांना वाटत होतं. ज्या बाईला गरोदरपणात बीपी वाढलं किंवा साखर वाढली, तिला पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ सालीच स्त्रियांसाठीच्या आपल्या सूचनांमध्ये घातलं आहे. तुमच्यापैकी किती जणींना गरोदरपणात बीपी होतं? नंतर किती जणींनी मोजलं?

त्यानंतर मी वाचायला लागले. मी बीकॉम आहे, डॉक्टर नाही. पण दुकानाचा हिशोब तपासता येतो तसा दाव्याचाही तपासता येतो.

पहिल्यांदा त्या नोबेलचं बघितलं. २०१६ साली जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना नोबेल मिळालं हे खरं. ते मिळालं ऑटोफॅजीसाठी, म्हणजे पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा कसे वापरते ते शोधून काढल्याबद्दल. आणि त्यांनी ते शोधलं यीस्टच्या पेशींमध्ये! पावाच्या खमिरात. ज्या यीस्टमुळे आपल्यातल्या कितीतरी जणी पाव खात नाहीत, त्याच यीस्टच्या जिवावर आपण अठाईचं प्रमाणपत्र मिळवतोय. ओसुमींनी ना आपली अठाई बघितली, ना कुणाचं हृदय तपासलं.

मग शाकाहाराकडे वळले. इथे मी प्रामाणिक राहीन, कारण शाकाहाराच्या बाजूने खरोखर पुरावा आहे. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतले पाच मोठे अभ्यास एकत्र करून १९९९ साली हिशोब मांडला गेला, तेव्हा शाकाहाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू २४ टक्क्यांनी कमी निघाले. वाचून मला अभिमान वाटला. पण २०१७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी दोन लाखांहून अधिक लोकांच्या खाण्याच्या नोंदी तपासल्या. त्यात हजारो नर्स होत्या, म्हणजे आपल्यासारख्याच घर सांभाळून काम करणाऱ्या बाया. त्यांनी वनस्पतीजन्य खाण्याचे दोन भाग पाडले. एकीकडे अख्खी धान्यं, डाळी, भाज्या, फळं, दाणे-बदाम. दुसरीकडे मैदा, साखर, गोड पेयं, तळलेला बटाटा. पहिल्या तऱ्हेचं खाणाऱ्यांना हृदयविकार सुमारे २५ टक्के कमी. दुसऱ्या तऱ्हेचं खाणाऱ्यांना ३२ टक्के जास्त. दोन्ही तऱ्हा वनस्पतीजन्यच.

आता आपल्या ताटात बघूया. बटाटा नाही, हे मान्य. बाकी?

आठम-चौदसला आपण हिरवी भाजी सोडतो, लिलोतरीचं पचखाण. त्यामागचा भाव सूक्ष्म जीवांच्या रक्षणाचा आहे आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मीही सोडते. पण भाजी सोडल्यावर तिच्या जागी काय येतं? शेवभाजी. पापडाची भाजी. गट्टे, ते आधी तळलेले. मंगोडी. सोबत लोणचं, वर खाखरा आणि खाखऱ्यावर मेथीचा मसाला. चार वाजता फरसाण, कारण चौविहाराच्या आधी पोट भरायचं असतं. चातुर्मासात पालेभाजी चार महिने बंद असते, म्हणजे हे चार महिने चालतं. पापडात मीठ असतं आणि पापडखारही असतो. तो खारसुद्धा सोडियमच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे सपाट एक चमचा. आपल्या देशाच्या पाहणीत सरासरी आठ ग्रॅमच्या आसपास निघालं आहे. तिथीच्या दिवशी माझ्या घरात किती जातं ते मी एकदा वजन करून, पाकिटांवरचे आकडे बघून मोजायला बसले आणि अर्ध्यात सोडून दिलं. आणि सैंधवाचा भ्रमही सोडून द्या. तेही मुख्यतः तेच मीठ, फक्त गुलाबी. ज्या दिवशी भाभींचं हृदय बंद पडत होतं त्या दिवशी मी त्यांना चमचाभर मीठच चाटवलं होतं.

जुन्यांनी काय शहाणपण केलं होतं बघा. विगई सहा सांगितल्या: दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि सहावी कढाविगई, म्हणजे तळलेलं. हे हृदयासाठी सांगितलेलं नाही, रसनेवर लगाम म्हणून सांगितलेलं आहे. पण आपण केलं काय? तिथीला भाजी सोडली आणि कढाविगईचे दोन डबे जास्त उघडले.

कुणी म्हणेल, मग तिथीला खायचं तरी काय? डाळ आहे, कढी आहे, ज्वारी-बाजरीची भाकरी आहे, छास आहे, मूग आहे. सुकामेवा ज्यांना चालतो त्यांना मूठभर बदाम-अक्रोड. मिठाचंही एक सांगते. चीनमध्ये सहाशे खेड्यांतल्या सुमारे एकवीस हजार लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, निकाल २०२१ साली आला. अर्ध्या गावांना नेहमीचं मीठ, अर्ध्यांना असं मीठ ज्यात चौथा हिस्सा पोटॅशियमचा. पाच वर्षांत दुसऱ्या गावांमध्ये पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. स्वयंपाक तोच, हातही तेच, फक्त बरणी बदलली. असं कमी सोडियमचं मीठ आपल्याकडेही दुकानात मिळतं. मात्र मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर ते चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच आणा.

'पण मी तर बारीक आहे,' हे दुसरं कवच. भाभींचंही होतं.

या कवचाला भोक पाडलं ते आपल्याच पुण्यातल्या माणसाने. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे वजन-उंचीच्या तक्त्यात दोघेही उत्तम. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, असे आपण. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांच्या गरोदरपणाचा अभ्यास सुरू केला आणि त्यांची बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं साडेतीन. आपल्या बाळांचे हातपाय काटकुळे, स्नायू कमी, पण चरबी मात्र जवळजवळ राखलेली. म्हणजे पुढे साठीत जो मधुमेह आणि हृदयविकार दिसतो त्याची पूर्वतयारी आईच्या पोटातच सुरू होते. आणि ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खात होत्या त्यांची बाळं मोठी निघाली. चातुर्मासात गरोदर असलेल्या सुनेला पालेभाजी वाढायची की नाही, हा प्रश्न सासवांनी आता महाराजसाहेबांना अवश्य विचारावा. मी विचारला. त्यांनी एका क्षणात सांगितलं की गर्भिणीवर असली सक्ती कुणी केली? कुणी केली ते मला माहीत होतं.

याच गटाने पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरातले मध्यमवर्गीय. २००६ साली आकडे आले. बी-१२ जीवनसत्त्व कमी असलेले ६७ टक्के. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! शाकाहाऱ्यांना ही कमतरता असण्याचा धोका वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या साडेचार पटीच्या आसपास. बी-१२ कमी झालं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढतं आणि ते वाढलेल्यांना हृदयविकार जास्त होतो असं दिसलेलं आहे. आता इथे घाईने उडी मारू नका. बी-१२ च्या गोळ्या घेऊन हृदयविकार टळतो का, हेही तपासून झालं आहे. २००६ सालच्या मोठ्या प्रयोगात होमोसिस्टीन उतरलं, हृदयाचे झटके मात्र कमी झाले नाहीत. म्हणजे बी-१२ हे हृदयाचं औषध नव्हे. पण हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा, रक्त कमी होणं, हे सगळं त्याच्या कमतरतेने होतं. आणि ज्या गरोदर बाईचं बी-१२ कमी आणि फॉलिक अॅसिड भरपूर, तिच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारी लक्षणं रक्तात दिसली, तेही पुण्याच्याच अभ्यासात. तपासणी करून घ्या. गोळी घ्यायची वेळ आली तर कॅप्सूल न मागता साधी गोळी मागा. कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन कशापासून होतं ते मी इथे लिहीत नाही.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? ४४१ पुरुष. स्त्रियांचं रक्त त्यात नाही. हृदयाच्या संशोधनात हे जुनंच आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५२०९ लोकांवर अभ्यास सुरू झाला. बीपी, कोलेस्टेरॉल, विडी-सिगरेट यांचा हृदयाशी संबंध जगाला तिथून कळला. त्यात निम्म्याहून जास्त स्त्रिया होत्या. पण पुढे औषधांचे मोठे प्रयोग झाले तेव्हा बायका गायब. अॅस्पिरिनने पहिला अटॅक टळतो का, हे पाहायला २२,०७१ डॉक्टर घेतले, सगळे पुरुष. १९८९ साली निकाल आला की टळतो. मग बायकांनाही तीच गोळी. बायकांवर वेगळा प्रयोग झाला, जवळजवळ चाळीस हजार जणींवर, आणि त्याचा निकाल आला २००५ साली. बायकांमध्ये अॅस्पिरिनने पहिला अटॅक काही कमी झाला नाही, पक्षाघात मात्र थोडा कमी झाला. सोळा वर्षं आपण पुरुषांच्या मापाचा झगा घालून फिरत होतो. (आणि नाही, यावरून तुमची चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका. भाभींना अॅस्पिरिन आहे आणि ती हवीच आहे, त्यांच्या हृदयात स्टेंट आहे.)

'बघा, विज्ञान रोज बदलतं,' असं एक काकीसा मला म्हणाल्या. बदलतं, कारण कुणीतरी पुन्हा मोजतं. ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा मोजूनही बदलल्या नाहीत त्या बघा की. २००४ साली ५२ देशांतला इंटरहार्ट अभ्यास आला. तंबाखू, बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं प्रमाण, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या न खाणं, व्यायाम नसणं आणि दारू, या नऊ गोष्टींत पहिल्या अटॅकचा पुरुषांतला ९० टक्के आणि स्त्रियांमधला ९४ टक्के धोका सामावतो. दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी, इतरांना जवळजवळ ५९ व्या. यादी पुन्हा वाचा. दारू आपल्याकडे नाही म्हणूया. तंबाखू दुकानात बसणाऱ्यांच्या गालात किती असते ते त्यांचे शर्ट धुणाऱ्या आपल्याला ठाऊक आहे. बाकीच्या सातांमध्ये कांदा-लसूण कुठेच नाही.

व्यायामाचं तर बोलूच नका. 'दिवसभर घरात पायाला भिंगरी असते' हे उत्तर मीही देत होते. सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसता येतं, तर गंगाधामच्या बाजूला अर्धा तास भरभर चालता का येत नाही?

आता सर्वात नाजूक विषय, तप. मला माहीत आहे इथे काही जणी वाचणं थांबवतील.

तपाला मी नावं ठेवत नाही. अठाई मीही केली आहे आणि सातव्या दिवशी मन जसं हलकं झालं होतं तसं पुन्हा कधी झालं नाही. माझं भांडण आहे ते तपाच्या आड औषधं बंद करण्याशी. दरवर्षी आपल्यातल्या कितीतरी जणी बीपीच्या, साखरेच्या गोळ्या आठ दिवस बंद ठेवतात आणि कुणाला सांगत नाहीत. काही जणी उलट करतात, साखरेची गोळी तेवढी घेतात आणि पोटात अन्न नाही, म्हणजे साखर एकदम खाली. लघवी वाढवणारी बीपीची गोळी आणि पाणी मात्र बंद, म्हणजे चक्कर येऊन पडणं ठरलेलंच. हे सगळं डॉक्टरांशी आधी बोललं तर बसवता येतं. कुणाला उपवास झेपेल, कुणाला एकासणंच बरं, कुणाची गोळी बदलता येईल. पण बोलायला जाणार कोण? डॉक्टर उपवास नकोच म्हणतील ही भीती.

आणि धर्माचं म्हणाल, तर पचखाणाच्या पाठातच आगार ठेवलेले आहेत. रोज म्हणतो आपण, अर्थ कोण बघतो? त्यातला एक आगार समाधीचा आहे. दुखण्याने जीव कासावीस होऊन समाधी ढळत असेल तर औषध घेतल्याने पचखाण मोडत नाही. ज्यांनी हा पाठ रचला त्यांना माणसाचं शरीर माहीत होतं. हट्ट आपला आहे.

रात्रीच्या गोळीचंही असंच. 'चौविहार आहे, रात्रीची गोळी कशी घेऊ' म्हणून बीपीची गोळी सोडणाऱ्या दोघी तरी मला माहीत आहेत. ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर हेच पाहिलं गेलं, बीपीची गोळी सकाळी घ्यावी की रात्री. २०२२ साली निकाल आला: झटके आणि पक्षाघात दोन्हीकडे सारखेच. म्हणजे डॉक्टरांना विचारून सकाळी घ्या. चौविहारही टिकतो आणि गोळीही.

अजून एक लिहायचं होतं, ते लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. भाभींना दवाखान्यात रक्त गोठू नये म्हणून हेपरिनची इंजेक्शनं दिली. हे औषध डुकराच्या आतड्यांपासून काढतात. अटॅकवर जगभर तेच वापरलं जातं. मी ते नंतर वाचलं. आधी माहीत असतं तरी मी सही केलीच असती, आणि तुम्हीही त्या क्षणी एक श्वासही वाया न घालवता करा. प्राण वाचवायचा प्रसंग आहे. पण घरी आल्यावर मी खूप रडले. जन्मभर पाणी गाळून पिणारी बाई. तिचं बीपी वेळेत मोजलं असतं, साधी गोळी चालू असती, तर कदाचित ती सुई तिच्या अंगाला लागलीच नसती. आपण मुंगीला जपतो. हा जो मोठा जीव आपल्या चुकीपायी खर्ची पडतो, त्याचं पाप कुणाच्या खात्यात?

हे सगळं मी महिला मंडळाच्या सभेत मांडलं. मागणी एवढीच होती की अठाईच्या याद्या करतो तेव्हा टेबलावर बीपीचं मशीन ठेवू, प्रत्येकीचं मोजू, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारू. आणि पर्युषणातल्या पारण्याला तळणाचे तीनच्या जागी एक पदार्थ ठेवू. पहिलं उत्तर आलं, 'तप करणाऱ्याला धर्म सांभाळतो.' दुसरं, 'हार्टचं शिबिर पुरुषांसाठी ठेवू, बायकांसाठी मुद्रा-चिकित्सा ठेवू.' तिसरं, 'तळण कमी केलं तर लोक काय म्हणतील, यजमानांचा मान आहे.' भारतात बायकांच्या मृत्यूचं सर्वात मोठं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार हेच आहे, असं मी सांगितलं तेव्हा एक जण म्हणाली, 'आपल्यात नाही हो.' भाभी माझ्या शेजारी बसल्या होत्या.

दवाखान्याला खाटा द्यायला आपला समाज पुढे असतो, नावाच्या पाट्या बघा. अटॅक आल्यावर लागणारी प्रत्येक गोष्ट आपण दान करतो. दोन-तीन हजारांचं मशीन मात्र कार्यकारिणीपुढे ठेवून पुढच्या सभेवर ढकललं गेलं.

भारतात अटॅक आलेल्या वीस हजारांवर रुग्णांची नोंद करून २००८ साली एक अभ्यास छापला गेला. लक्षणं सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचायला निम्म्या लोकांना सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. जी औषधं सर्वात जास्त उपयोगी पडतात ती पहिल्या काही तासांतच. छातीत दुखणं हेच बायकांमध्येही मुख्य लक्षण, पण त्याच्या जोडीला, किंवा त्याऐवजी, जबडा, पाठ, मळमळ, घाम, धाप, न उतरणारा थकवा हे बायकांमध्ये जास्त दिसतं. एवढं लक्षात ठेवा आणि अशा वेळी ओवा हातात घेऊ नका. ईसीजी मागून घ्या. डॉक्टरांनी पित्त म्हटलं तरी मागा. वाईट दिसलं तर दिसू दे.

मशीन मी स्वतःच आणलं. स्थानकात नाही तर नाही, माझ्या घराच्या पडवीत दर शनिवारी सकाळी नऊ ते अकरा ठेवते. पहिल्या शनिवारी चौघी आल्या, दुसऱ्या शनिवारी अकरा. 'आपल्यात नाही हो' म्हणणारीही आली, सुनेला सोबत घेऊन. भाभी खुर्चीवर बसून वहीत आकडे लिहितात, अक्षर त्यांचं सुरेख आहे. पहिल्या दिवशी सगळ्या गेल्यावर त्या मला म्हणाल्या, आता तुझं. मी म्हटलं, माझं काय, मी ठणठणीत आहे. त्यांनी पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला आणि बटण दाबलं.

१५२/९४. पाच मिनिटांनी पुन्हा घेतलं, १४८/९२. भाभींनी दोन्ही आकडे लिहिले आणि माझ्या नावापुढे मंगळवारची तारीख टाकली, डॉक्टरांकडे जायची.